मोठा मासा खात नाही? आधी थर्मामीटर बघा

या महिन्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली बहुतेक पत्रं अरोवाना, ऑस्कर, रेडटेल कॅटफिश अशा मोठ्या शिकारी माशांची आहेत, आणि तक्रार भुकेची आहे. कुणाचा मासा खाण्याला तोंड लावत नाही, कुणाचा खाल्लेलं बाहेर टाकतो, कुणाचा दिवसभर काचेला चिकटून मागत राहतो. जवळपास सगळ्यांनी पहिला उपाय म्हणून खाणं बदलून पाहिलं आहे. आमचा आग्रह उलटा आहे. पाण्याचं तापमान, अमोनिया (माशाच्या उत्सर्जनातून आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात येणारं विष) आणि पीएच (पाण्याची आम्लता) मोजल्याशिवाय खाण्याला हात लावू नका. शिकारी माशाची भूक पाण्यावर चालते, चवीचा नंबर फार मागून लागतो.

प्रश्न (सातारा) : माझा सिल्व्हर अरोवाना साधारण २० इंचाचा आहे. टाकी ५ बाय २ बाय २ फूट. थंडी पडल्यापासून त्याचं खाणं कमी झालं आणि आता १२ दिवस झाले, काहीच खात नाही. चिकनची कलेजी, जिवंत मासे, कोळंबी, सगळं देऊन झालं. तोंडात घेतो आणि थुंकतो. टाकीत १०० वॉटचा एक हीटर आहे. दुकानदार म्हणतात, जंत झालेत, औषध टाका. टाकू का?

उत्तर : टाकू नका. गारठलेल्या, उपाशी माशाला जंताचं औषध म्हणजे दुखण्यात भर. त्याऐवजी आज एक साधा थर्मामीटर आणा आणि सकाळी सहाला व दुपारी तीनला टाकीचं तापमान लिहून ठेवा.

तुमच्या टाकीत सुमारे ५०० लिटर पाणी आहे. घरातल्या हवेपेक्षा पाणी १०-१२ अंशांनी गरम ठेवायचं तर लिटरला साधारण १ वॉट लागतो. त्या हिशेबात १०० वॉटचा हीटर तुमच्या टाकीला जेमतेम दोन-तीन अंश चढवतो. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तुमचं पाणी २०-२१ अंशांवर येत असणार. सिल्व्हर अरोवाना हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. त्याला २६ ते ३० अंश लागतात. माशाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं, तेवढंच त्याचं पोट गरम. तापमान १० अंशांनी उतरलं की शरीरातल्या क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. खाल्लेलं पचायला मग दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि फारच गार पाण्यात ते पोटात सडतंसुद्धा. म्हणून मासा खाणं बंद करतो. तो हट्ट करत नाहीये, स्वतःला सांभाळतोय. तोंडात घेऊन थुंकतो याचा अर्थ शिकारीची ओढ शाबूत आहे, पोट मात्र तयार नाही.

३०० वॉटचे दोन हीटर घ्या. एकच ६०० वॉटचा घेऊ नका. थर्मोस्टॅट अडकून हीटर सतत चालू राहिला, तर ३०० वॉट पाणी तापवेल, पण मासा शिजेल इतकं नाही. आणि एक बंद पडला तर दुसरा रात्र काढून देतो. दोन्ही हीटर फिल्टरचं पाणी जिथून वाहतं तिथे आडवे लावा, आणि प्लॅस्टिकची जाळी घातल्याशिवाय लावू नका. २० इंची अरोवाना दचकला की शेपटीच्या एका फटक्यात काचेचा हीटर फुटतो. टाकीला खाली संप (फिल्टरची वेगळी टाकी) असेल तर हीटर संपमध्येच टाका, हा सगळ्यात चांगला मार्ग. अर्थिंग तपासून घ्या, त्या लाइनवर ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, आणि पाणी उपसण्याआधी १५-२० मिनिटं हीटर बंद ठेवा.

तापमान दिवसाला दोन अंशांनीच चढवा. थर्मोस्टॅट आज २२, उद्या २४, असं २८ पर्यंत न्या. ६०० वॉट पूर्ण चालले तर ५०० लिटर पाणी तासाला सुमारे एक अंश चढतं. एकदम २८ वर ठेवलंत तर सात-आठ तासांत सात-आठ अंशांचा धक्का बसतो. टाकीच्या मागच्या आणि दोन बाजूंच्या काचेला इंचभर जाडीचा थर्माकोल लावा, वरचं झाकण घट्ट ठेवा. उष्णता सर्वात जास्त वरून जाते, आणि अरोवानाला झाकण तसंही हवंच, तो उडी मारणारा मासा आहे.

थंडीत आणखी एक चूक सर्रास होते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी १६ अंशांवर असतं. २८ अंशांच्या टाकीत ते ३० टक्के ओतलं की तापमान एका झटक्यात साडेतीन अंशांनी उतरतं. पाणी बदलल्यावर मासा दोन दिवस खात नाही, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. गॅसवर थोडं पाणी तापवून बादलीत मिसळा, बादलीत थर्मामीटर बुडवून बघा, २७ झालं की मगच ओता.

पाणी २८ वर स्थिर झालं की दोन दिवस काहीही देऊ नका. अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून फिल्टरमध्ये बनणारं दुसरं विष) मोजा. गारठ्यात फिल्टरमधले जिवाणूही मंदावतात, आणि थुंकलेले कलेजीचे तुकडे तुमच्या टाकीत कुठेतरी कुजले असणार. दोन्ही आकडे शून्य आले की दुपारी, दिवा चालू असताना, सोललेल्या कोळंबीचा एकच तुकडा पाण्यावर सोडा. तुकडा माशाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. दहा मिनिटांत घेतला नाही तर जाळीने काढून टाका आणि त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नका. बहुतेक मासे आठवड्याभरात घेतात.

१२ दिवसांच्या उपासाने घाबरू नका. धडधाकट मोठा अरोवाना तीन-चार आठवडे न खाता राहू शकतो. घाबरायचं कधी, ते वरून बघून कळतं. डोक्यामागे पाठीच्या दोन्ही बाजूंचं मांस खचून पाठ धारदार दिसू लागली, किंवा २८ अंश आणि स्वच्छ पाणी असूनही दोन आठवडे घास घेतला नाही, तर आजार शोधायचा. तेव्हाही आधी जबडा, कल्ले आणि विष्ठा बघायची, औषधाची बाटली मागून. आणि कलेजी कायमची बंद करा; कारण खाली कराडच्या उत्तरात आहे.

प्रश्न (कराड) : हायवेला आमचं हॉटेल आहे. काउंटरशेजारी ६ बाय अडीच बाय २ फुटांची टाकी आहे, त्यात दोन फुटी रेडटेल कॅटफिश आणि दोन पंगास (दुकानात शार्क म्हणून दिलेले). रेडटेलला रोज अर्धा किलो चिकन लागायचं. आता तो गिळतो आणि रात्री सगळं बाहेर टाकतो, पाण्याला वास येतो. गिऱ्हाईकंही काहीबाही टाकतात. पोट बिघडलं असेल तर काय द्यावं?

उत्तर : पुढचे सात दिवस काहीच देऊ नका, आणि आज ४० टक्के, परवा पुन्हा ४० टक्के पाणी बदला. टाकीवर कुलूप लागेल असं झाकण बसवा. गिऱ्हाईकांसाठी पाटी लावून भागत नाही.

आता कारण. तुमच्या टाकीत सुमारे ८०० लिटर पाणी आहे. अर्धा किलो चिकनमध्ये साधारण १०० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे १६ ग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपात पाण्यात आला, तरी दर लिटरला १० मिलिग्रॅमची भर पडते, आणि ती रोज. घरगुती टेस्ट किटवर १ मिलिग्रॅम दिसला तरी आम्ही त्याला धोका म्हणतो. त्यात जास्त पीएचचं बोअरचं पाणी असेल तर हा अमोनिया आणखी जहाल होतो. २७ अंशांना, पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ६ टक्क्यांवर जातो. एकाच रीडिंगमध्ये दहापट फरक. कल्ले भाजलेल्या माशाला अन्न नकोसं होतं आणि गिळलेलं तो टाकून देतो. टाकलेलं चिकन रात्रभर कुजतं, अमोनिया आणखी चढतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसरं, चिकनच मुळात चुकीचं. कोंबडीची चरबी उबदार अंगात पातळ असते, माशाच्या पोटात ती घट्टसर होते आणि नीट पचत नाही. न पचलेली आणि जास्तीची चरबी यकृतावर बसते. कलेजी, गिझार्ड, बोकडाचं हृदय, सगळ्याला हाच नियम. रेडटेल वर्षभर त्यावर वाढलेला दिसतो, म्हणून लोकांना ते मानवतं असं वाटतं. यकृत खराब झाल्याचं बाहेरून उशिरा कळतं.

तिसरी शक्यता तुम्हाला तपासायची आहे. टाकीत खडी, सजावटीचे गोटे, हीटरचे रबरी चोखे आहेत का, आणि आधी होते त्यातलं काही कमी झालंय का? रेडटेल तोंडात मावेल ते गिळतो. पोट एकाच बाजूला कडक वाटलं किंवा कोपऱ्यात टोक आल्यासारखं दिसलं, तर दगड गिळला असण्याची शक्यता मोठी. बरेचदा तो आपणच ओकून टाकतो. टाकीतलं सगळं सुटं सामान काढा, तळ मोकळा ठेवा. पोटात बोटं घालून काढायचा प्रयत्न करू नका.

सात दिवसांनी मासळीवर आणा. रेडटेलचं वजन काट्यावर घेण्याची गरज नाही. लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा, तिचा घन करा, १०० ने भागा, ढोबळ ग्रॅम मिळतात. जाड अंगाच्या माशाला त्यात पाव भाग वाढवा, अरोवानासारख्या चपट्या माशाला पाऊण धरा. ६० सेंटिमीटरचा रेडटेल या हिशेबाने सुमारे २७०० ग्रॅम. त्याला आठवड्यातून दोनदा, दर वेळी वजनाच्या २ टक्के, म्हणजे ५०-६० ग्रॅम पुरे. हो, पूर्वीच्या आठवड्याच्या साडेतीन किलोंच्या जागी शंभर-सव्वाशे ग्रॅम. काटे काढलेली समुद्री मासळी, सालासकट कोळंबी आणि बुडणारे मोठे मांसाहारी पेलेट (तयार खाण्याच्या गोळ्या) आलटून पालटून द्या. फिल्टर तासाला टाकीच्या आठपट पाणी फिरवणारा हवा, तुमच्यासाठी साडेसहा हजार लिटर.

एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. रेडटेल मीटरभराच्या पुढे वाढतो. पंगासही तसाच मोठा होतो, आणि तो कळपाने फिरणारा मासा आहे. अडीच फूट रुंदीच्या टाकीत दोन फुटांचा रेडटेल धड वळूही शकत नाही. भूक आटोक्यात आली तरी हा प्रश्न उरतो. सिमेंटचा मोठा, झाकलेला हौद बांधू शकणारा माणूस शोधा. कोयनेत किंवा कृष्णेत सोडणं हा पर्याय नाहीच. परदेशी शिकारी मासा नदीत गेला की तिथल्या माशांचं जगणं अवघड होतं.

प्रश्न (तासगाव) : अरोवानाला नाकतोडे फार आवडतात म्हणून बागेतून पकडून देतो. गेल्या आठवड्यात नाकतोडे दिल्यावर तासाभरात तो झटके देत पोहू लागला, मग तळाला बसला. आता खात नाही. नाकतोडे तर नैसर्गिक खाणं ना?

उत्तर : नाकतोडा नैसर्गिक आहे, द्राक्षबागेतला नाकतोडा नाही. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बागेवर फवारण्या चालू असतात. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन या गटातली कीटकनाशकं माणसाला आणि जनावराला तुलनेने कमी बाधतात, माशाला मात्र अगदी थोडी मात्राही पुरते. माशाचं शरीर हे विष मोडून टाकण्यात फार मंद असतं. झटके, तोल जाणं, मग सुस्ती, ही लक्षणं त्याला जुळतात.

यावर उतारा नाही. ५० टक्के पाणी बदला, फिल्टरमध्ये नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला (१०० लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास), हवा वाढवा, दिवा बंद ठेवा, पाच दिवस खाणं देऊ नका. वाचला तर भूक हळूहळू परत येते.

यापुढे बागेतले, ऊसातले, बांधावरचे किडे बंद. घरातली झुरळंही बंद, स्प्रे आणि खडू सगळीकडे मारलेले असतात. मीलवर्म घरी वाढवा. पसरट डब्यात तीन इंच गव्हाचा कोंडा, ओलाव्यासाठी गाजराचा तुकडा, तो बुरशी धरायच्या आत बदलायचा. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा फेरा २७-२८ अंशांना साधारण तीन महिन्यांचा, म्हणून दोन-तीन डबे वेगवेगळ्या वेळी सुरू करा. मीलवर्म हे तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. चरबी बरीच असते. आठवड्यातून एकदा पाच-सहा पुरेत.

प्रश्न (सांगली) : पावसाळ्यात नळाच्या पाण्याने टाकी बदलली की माझे दोन ऑस्कर आणि टायगर शॉव्हेलनोज कॅटफिश दोन-तीन दिवस खात नाहीत, वर येऊन तोंड उघडझाप करतात. उन्हाळ्यात असं होत नाही. पाणी एक रात्र भरून ठेवतो.

उत्तर : पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ येतं, म्हणून शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवावी लागतात. तुरटीने पाण्याचा पीएच आणि क्षारता खाली येते, क्लोरीन कल्ले भाजतं. झाकण लावलेल्या पिंपात पाणी रात्रभर ठेवून क्लोरीन पुरतं उडत नाही. उघड्या पिंपात एअर स्टोन चालू ठेवला तरच २४ तासांचा भरवसा.

क्लोरीन आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. ग्रामपंचायतीचे कर्मचारी नळाला ओ.टी. टेस्ट (क्लोरीनची चाचणी) करतात, तिचाच संच, म्हणजे क्लोरोस्कोप, घरी आणा. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग येतो, जितका गडद तितकं क्लोरीन जास्त. उपाय म्हणजे हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. एक भाग क्लोरीन मारायला सात भाग हायपो लागतो. १०० लिटर पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर ७०० मिलिग्रॅम. सोयीसाठी १ लिटर पाण्यात १० ग्रॅम हायपो विरघळवून बाटली भरून ठेवा. १०० लिटर नव्या पाण्याला यातलं १०० मिलिलिटर घाला, ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा ओ.टी. टेस्ट. रंग आला नाही तरच ओता. पाणी टाकीत ओतून नंतर वरून हायपो टाकणं ही उलटी पद्धत आहे, तोवर कल्ल्यांना लागायचं ते लागलेलं असतं.

पीएचचा फरक ०.५ हून जास्त असेल तर एकदम ४० टक्के न बदलता दोन दिवसांआड १५-१५ टक्के बदला.

ऑगस्ट २०१९ सारखा पूर आला, नळाला पाणी नाही, वीज नाही, अशा वेळी सर्वात सोपी मदत म्हणजे खाणं पूर्ण बंद. मोठा शिकारी मासा दोन आठवडे सहज काढतो आणि न खाणाऱ्या माशाचा अमोनिया फार कमी असतो. बॅटरीवरचा एअर पंप चालू ठेवा. वीज चार-सहा तासांहून जास्त गेली तर बंद कॅनिस्टर फिल्टरच्या (टाकीबाहेरच्या डबाबंद फिल्टरच्या) आत प्राणवायू संपून पाणी सडतं. वीज आल्यावर तो तसाच सुरू करू नका. आतलं पाणी आधी बादलीत ओतून फेका, स्पंज टाकीच्याच पाण्यात हलके पिळा, मग जोडा. हा एक नियम न पाळल्याने पुरातून वाचलेले मासे नंतर मरतात.

प्रश्न (मिरज) : ऑस्करच्या डोक्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली आहेत, पांढरी लांब दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते. पेलेट चघळून टाकून देतो. तापमान २७, हीटर व्यवस्थित.

उत्तर : या वेळी मात्र आजारच आहे. आतड्यातल्या स्पायरोन्यूक्लियस किंवा हेक्झामिटा या परजीवींचा संशय घ्यावा असं हे चित्र आहे. नुसती पांढरी विष्ठा उपासानेही दिसते, पण भोकं, दोरा आणि चघळून थुंकणं तिन्ही एकत्र आली की थांबू नये. तरी नायट्रेट (अमोनिया आणि नायट्राइटपासून शेवटी बनून पाण्यात साठणारा क्षार) मोजाच. लिटरला ४०-५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर औषधाने बरा झालेला मासा महिन्याभरात पुन्हा तिथेच येतो.

औषध मेट्रोनिडाझोल, आणि ते पशुवैद्यकांना विचारून. मासा थोडं तरी खात असेल तर खाण्यातून दिलेलं उत्तम, कारण परजीवी आतड्यात आहे. ५० ग्रॅम मासळी-कोळंबीचा लगदा करा. दोन मोठे चमचे गरम पाण्यात एक चहाचा चमचा जिलेटिन विरघळवा, कोमट झालं की त्यात २५० मिलिग्रॅमची एक गोळी बारीक पूड करून मिसळा, लगद्यात कालवा, फ्रिजमध्ये गोठवा, तुकडे पाडा. रोज माशाच्या वजनाच्या १ टक्का, पाच दिवस. अर्धा किलोच्या ऑस्करला रोज ५ ग्रॅम. पूड गरम मिश्रणात टाकू नका. गोळी फार कडू असते, म्हणून तुकड्याला वरून कोळंबीचं पाणी चोळा.

काहीच खात नसेल तर पाण्यातून द्या. दर ४० लिटरला २५० मिलिग्रॅम, रोज एकदा, तीन दिवस, प्रत्येक डोसआधी २५ टक्के पाणी बदलून. कार्बन काढून ठेवा, यूव्ही दिवा बंद करा. भोकं भरायला महिने लागतात; भूक मात्र आठवड्यात सुधारायला हवी. नाही सुधारली तर निदान चुकलं आहे, डोस वाढवण्याचं ते कारण नव्हे.

प्रश्न (फलटण) : पीकॉक बास फक्त जिवंत गोल्डफिश खातो. पेलेट टाकले तर बघतही नाही. असंच चालू ठेवलं तर काय बिघडतं?

उत्तर : गोल्डफिश आणि कार्प जातीच्या माशांत थायामिनेज नावाचं विकर असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. महिनोन् महिने हेच खाल्लं की भूक मंदावते, तोल जातो, मासा आकडीसारखे झटके देतो. गोठवून हे विकर मरत नाही, शिजवल्याने मरतं. शिवाय दुकानातल्या खच्चून भरलेल्या फीडर (खाऊ म्हणून विकायच्या माशांच्या) टाक्यांतून पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, अंगाला चिकटणारे अँकर वर्म आणि आतड्यातले लाल जंत थेट तुमच्या टाकीत येतात.

सवय मोडता येते, घाई मात्र चालत नाही. आधी पाच दिवस उपास, पाणी २८ वर. सहाव्या दिवशी नुकताच मेलेला छोटा मासा चिमट्यात धरून प्रवाहात हलवा. पीकॉक बास हालचालीवर झडप घालतो, पडलेल्या वस्तूवर नाही. फिल्टरच्या तोंडासमोर टाकला तर आणखी बरं. आठवडाभर मेलेले मासे. मग त्याच आकाराच्या मासळीच्या पट्ट्या, मग पट्टीला चीर देऊन आत एक भिजवलेला पेलेट, मग दोन, मग पट्टी लहान करत जायची. शेवटी मासळीच्या पाण्यात पाच मिनिटं भिजवलेला नुसता पेलेट. प्रत्येक पायरीला नकार आला की तीन दिवस उपास आणि पुन्हा तीच पायरी. मागे जाऊन जिवंत मासा द्यायचा नाही. तीन दिवसांनी हळहळून एक गोल्डफिश टाकला की मासा एवढंच शिकतो की थांबलं की मिळतं, आणि पुढचा उपास लांबतो. शेजारी पेलेट खाणारा एखादा तोडीचा मासा असेल तर काम निम्म्या वेळात होतं, चढाओढीने खातात. हे फक्त अंगाने भरलेल्या, १५ सेंटिमीटरच्या वरच्या माशाला. पिल्लाला इतका उपास सोसत नाही.

प्रश्न (वाई) : मुलाचा ऑस्कर आम्ही दिसलो की काचेवर आपटतो. दिवसातून पाच-सहा वेळा देतो तरी भूक भागत नाही. जंत असतील का?

उत्तर : पोट भरलेलं, पाठ जाड, विष्ठा गडद असेल तर जंत नाहीत. माणूस आला की खाणं येतं हे ऑस्कर शिकला आहे. मागतो म्हणजे भुकेला आहे असं नाही. पाच इंचांपर्यंतच्या पिल्लाला दिवसातून दोनदा, आठ इंचांच्या पुढे दिवसातून एकदा, पूर्ण वाढलेल्याला एक दिवसाआड. दोन मिनिटांत संपेल तेवढंच. खूप खाऊनही पाठ खचत असेल, किंवा गुदद्वारातून लाल दोरे डोकावत असतील, तर पुन्हा लिहा.

प्रश्न (इस्लामपूर) : शेडमधल्या सिमेंटच्या टाकीत चार मरळ आहेत, फूट-दीड फुटाच्या. मार्चपासून वखवखल्यासारख्या खातात, डिसेंबरमध्ये आठ-आठ दिवस हलत नाहीत. हीटर लावू का? पाणी बोअरचं आहे.

उत्तर : हीटर नको. मरळ इथलीच, तिला थंडीची मंदी ठाऊक आहे. पाणी २० च्या खाली गेलं की आठवड्यातून एकदा थोडं द्या, १८ च्या खाली बंद. फेब्रुवारीअखेर ऊन वाढलं की भूक आपोआप येते, आणि पावसाळ्यात विणीचा काळ असल्याने त्याआधी ती जोरात खाते. त्या दिवसांत एक दिवसाआड भरपेट द्या, नाहीतर लहान मरळीचा लचका मोठी तोडते. चौघी सारख्या मापाच्या नसतील तर आत्ताच जाळीने टाकीचे दोन भाग करा.

दोन गोष्टी जपा. मरळ वर येऊन हवा घेते, म्हणून पाणी आणि झाकण यांत चार इंच मोकळी जागा हवी. पाणी काठोकाठ भरून वर पत्रा टाकला तर ती गुदमरते. आणि वाळव्याच्या कृष्णाकाठी जिथे जमीन क्षारपड झाली आहे तिथल्या बोअरचं पाणी एकदा टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) बघा. आकडा दोन हजारांच्या आसपास असेल तर त्यात पावसाचं किंवा कालव्याचं गाळलेलं पाणी अर्धं-अर्धं मिसळा. बोअरचं ताजं पाणी थेट सोडू नका. त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. वरून धार पाडत पिंपात भरा, एक दिवस हवा खेळू द्या, मग टाकीत घ्या.